वठलेल्या लिंबापुढचा बाक

दाक्षायणी गेली तेव्हा मी रडलो नाही. यात मोठेपणा काही नाही, नुसती माहिती म्हणून सांगतो. डिसेंबरातल्या एका दुपारी ती जेवली, ओटा पुसला, "पडते जरा" म्हणाली आणि उठली नाही. चहा ठेवून मी हाक मारली तेव्हा कळलं. मग शेजारी, डॉक्टर, फोन, सगळं रीतसर झालं. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. तिचे गुडघे इतके धरलेले होते की कैक वर्षांत तिला खाली बसता आलं नव्हतं. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून एवढाच विचार करत होतो, की मांडी घातली खरी, पण हिला दुखेल. भस्म लावलं, बेल वाहिला, माती लोटली. घरी येऊन अंघोळ केली आणि मला सपाटून भूक लागली.

पुढे माणसं येत राहिली. यायची, फोटोकडे बघायची, रडायची, आणि मी उठून त्यांना पाणी आणून द्यायचो. एक बाई तर इतक्या रडल्या की त्यांच्यासाठी सरबत करावं लागलं. जाताना त्या मलाच म्हणाल्या, "मन मोकळं करा हो." माझं मन बंद नव्हतंच. उघडून बघितलं तर आत काही सापडत नव्हतं, एवढंच. मुलगी काव्या हैदराबादला असते. ती थोडे दिवस राहून गेली आणि नंतर रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला. "अप्पा, जेवलात का? रडलात का?" मी सांगायचो, जेवलो.

दाक्षायणी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, हिनं निसर्गफेरी काढली. आमच्या जुळे सोलापुरापासून जवळच एक बाग आहे. दर रविवारी उजाडताना तिथं जमायचं आणि ही पुढं चालत लोकांना झाडं, पाखरं, किडे, कोळ्यांची जाळी दाखवणार. माणसं येत कोण? बँकेतली, शाळेतली, दोन-तीन डॉक्टर, पोरंबाळं घेऊन आलेल्या आया. डोक्याला टोप्या, गळ्यात दुर्बिणी. मला हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटे. मी जन्मभर चिंचोळीला एमआयडीसीत मशिनींच्या देखभालीवर राबलो. रविवार हा झोपायचा वार, यावर माझी श्रद्धा होती. मी एकदाही गेलो नाही.

फेरी संपवून ती घरी यायची आणि दारातच, बुटांच्या नाड्या सोडता सोडता सुरू व्हायची. "केळ्रि इल्लि," म्हणजे इकडे ऐका. घरात आम्ही कन्नड बोलायचो. मग आज हळद्या दिसला, अमक्यानं तमकं विचारलं, बाभळीवर सुगरणींनी नवीन घरटी लावली. मी पेपरामागून म्हणायचो, "हं." एवढंच माझं काम. पण कान उघडे असले की थोडं आत जातंच. बागेच्या टोकाला एक वठलेला कडुलिंब आहे, त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे बारक्या घुबडांची, जोडी राहते, हे मला ठाऊक होतं. फेरी तिथं संपायची. शेवटच्या वळणानंतर कुणी बोलायचं नाही. बोटानं दाखवायचं नाही, पाखरं बुजतात, हनुवटीनं दाखवायचं. शिवरात्रीच्या आसपास पिंगळे त्याच ढोलीत अंडी घालतात. हे सगळं मी "हं हं" करत ऐकलेलं.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात उत्कर्षाचा फोन आला. ही दाक्षायणीची जुनी विद्यार्थिनी. आता बँकेत आहे आणि दाक्षायणीच्या मागे फेरी तीच चालवते. म्हणाली, "काका, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, मॅडमच्या नावानं बागेत एक बाक ठेवायचा. परवानगी मिळालीय. कुठं ठेवू?"

मी भाजी चिरत होतो. दोडका होता. म्हणालो, "ती उभी राहायची तिथं ठेव."

"म्हणजे पिंगळ्यांच्या झाडासमोर?"

"हं," मी म्हणालो.

बरं, ही बाई फेरीत कधी बसली नाही. बसली की उठता येत नसे म्हणून ती उभ्यानंच सगळं करायची. तिच्या नावानं बाक म्हणजे पोहता न येणाऱ्याच्या नावानं होडी. हे मला फोन ठेवल्यावर सुचलं, पण पुन्हा फोन करावा असं वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. वरणात मीठ नसलं तरी मी जेवून उठायचो आणि ताट विसळताना लक्षात यायचं.

पुढच्या रविवारी बाकाचा कार्यक्रम ठरला. "तुम्ही यायलाच हवं काका," म्हणून उत्कर्षानं दोनदा फोन केला. त्या आठवड्यात ती ट्रेनिंगला पुण्यात होती. बागेतल्या माळ्याला फोनवरून सांगितलं होतं, की पिंगळ्यांच्या झाडासमोर बाक बसवायला माणसं येतील, पाहुणे येणार आहेत, जागा नीटनेटकी करून ठेवा. रविवारी सकाळी ती गाडीतून उतरली ती तडक बागेत आली.

मी आयुष्यात पहिल्यांदा निसर्गफेरीला गेलो. तिचीच कानटोपी घातली होती, माझी सापडेना. उत्कर्षा पुढं चालत होती आणि दर दोन पावलांनी थांबत होती. हा तांबट, ठोक्यासारखा आवाज करतो. हा दयाळ. हा वेडा राघू. लोक दुर्बिणी लावून माना वर करत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होते, माझ्यात काही हालचाल होतेय का म्हणून. मी दर पक्ष्याला मान हलवत होतो. थंडी वाजत होती आणि चहा कधी मिळेल हा विचार चालू होता.

शेवटचं वळण आलं आणि सगळे एकदम गप्प झाले. कुणी सांगितलं नाही. पावलं उचलून टाकायला लागले, वाळक्या पाल्याचा आवाज होऊ नये म्हणून. पण तिथं वाळका पालाच नव्हता. जमीन झाडून, पाणी मारून स्वच्छ केलेली. मधोमध नवा कोरा सिमेंटचा बाक, त्याला झेंडूची माळ, आणि पाठीवर काळ्या दगडात कोरलेलं, 'निसर्गप्रेमी कै. सौ. दाक्षायणी गुरुलिंग कलशेट्टी यांच्या स्मरणार्थ'. बाकापुढं झाड नव्हतं. गुडघ्याएवढं खोड उरलं होतं, वरून करवतीनं सपाट केलेलं.

टोपीवाले ते सगळे नुसते त्या खोडाकडे बघत राहिले. एका आईनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. मग माळी आला. रामहरी त्याचं नाव, मोहोळकडचा माणूस. हातात नारळ होता आणि चेहरा खुललेला.

"कसं झालं बगा सायेब," तो मला म्हणाला. "पार चकाचक केलंय."

"झाड कुठं गेलं?" उत्कर्षानं विचारलं.

"ते व्हय? वाळल्यालं हुतं की ताई. बाईंच्या नावाचा बाक, अन् म्होरं असलं मेल्यालं झाड, बरं दिसतंय का? त्यात ती पिंगळी. तसली पाखरं चांगल्या कामाला चालत न्हाईत." मग त्याला आमची तोंडं दिसली आणि तो जरा दबला. "बाईंनी मला लई चा पाजलाय. म्हणलं, त्यांचं काम तरी नीट व्हावं. काय चुकलं का?"

उत्कर्षा मटकन त्या बाकावर बसली आणि रडायला लागली. सवयीप्रमाणे मी पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली. तेवढ्यात वर कावळ्यांचा कालवा ऐकू आला. बाजूच्या गुलमोहराच्या उघड्या फांदीवर, लख्ख उन्हात, दोन करडे गोळे एकमेकांना चिकटून बसले होते आणि कावळे आळीपाळीनं त्यांच्या अंगावर झेपावत होते. पिंगळे. मी पहिल्यांदाच बघत होतो. मूठभर पाखरू, पिवळे डोळे. त्यातल्या एकानं माझ्याकडे बघत मान खाली-वर, खाली-वर केली. जागचं उठून कुठं जावं हे त्यांना कळत नव्हतं.

आणि मला राग आला. इतके आठवडे काहीच नव्हतं, तिथं एकदम राग. रामहरीचा नाही, उत्कर्षाचाही नाही. त्या बाकाचा आला. सगळे तिच्यावरच्या प्रेमापोटी जमले, वर्गणी केली, दगड कोरला, झाडलोट केली, आणि तिनं जी एक गोष्ट इतकी वर्षं बोट न दाखवता जपली तीच मोडून ठेवली. जागा तर मीच सांगितलेली. दोडका चिरता चिरता.

कारखान्यात आमचा एक नियम होता. मशीन बंद पडलं की कुणामुळं पडलं ते नंतर, आधी चालू करायचं. मी रामहरीला विचारलं, "खोड कुठं टाकलंय?"

"मागं, खताच्या खड्ड्यापाशी. उद्या भट्टीवाल्याचा टेंपो येणार हाय न्यायला."

"टेंपोवाल्याला सांग, येऊ नको म्हणून."

खोड मोडलं नव्हतं. माणसाच्या दीडपट लांब, आतून पोकळ, ढोलीचं तोंड शाबूत. खाली गुडघ्यांवर बसून मी आत हात घातला. थोडा भुसा, दोन पिसं, उंदराची की सरड्याची बारीक हाडं. अंडी नव्हती. शिवरात्रीला अवकाश होता. तेवढ्यात ढोली जागेवर गेली नाही तर ही जोडी दुसरीकडे जाईल, नाहीतर यंदा घर करणारच नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. पेपरामागं बसून मी ते ऐकलेलं होतं.

मग मी उत्कर्षाला म्हणालो, "बाक हलवायचा."

"काका, आज कार्यक्रम आहे."

"ढोलीसमोर माणसं येऊन बसली, मोबाईल काढले, तर पाखरं फिरकतील का? तुला हे तिनं शिकवलं नाही?"

"पण मॅडमचं नाव आहे त्याच्यावर," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे पुसू लागली. "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो काका?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "नाही वाटत. पण बाक हलवायचा." नारळ फुटला नाही. लोक चहा न घेताच पांगले, आणि जाताना मला वळून वळून बघत गेले. बायकोचं नाव काढून टाकायला निघालेला नवरा त्यांनी याआधी पाहिला नसावा.

दुसऱ्या दिवशी चन्नवीर आला. हा माझ्याबरोबर कारखान्यात होता, आता चिंचोळीतच स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवतो. फोनवर ऐकून घेतल्यावर त्यानं आधी मला वेड लागलंय का ते विचारलं आणि मग लोखंडी पट्ट्या, अँगल आणि वजन उचलायचा चेन ब्लॉक घेऊन आला. तीन बांबूंची घोडी उभी केली. खोड साखळीनं उचललं आणि बुंध्यावर जसं होतं तसं धरलं. ढोलीचं तोंड कुठल्या दिशेला होतं यावर जरा वाद झाला. उत्कर्षानं मोबाईलमधले जुने फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत कडेला दाक्षायणीचा अर्धा खांदा होता. मी फोटोतली ढोली बघितली आणि म्हणालो, "अजून थोडं उजवीकडे." रामहरी सगळा वेळ दोर धरून उभा होता आणि पुटपुटत होता, "पिंगळ्यासाठी एवढं. लोक हसतील की वो." पण दोर त्यानं सोडला नाही. पट्ट्या आवळल्या, नट पिळले, लोखंड दिसू नये म्हणून वरून सुतळी गुंडाळली. बाक उचलून फाटकापाशी नेला. आता तिच्या नावाला पाठ टेकून म्हातारे राजकारण बोलतात. तिला राजकारणाचा वीट होता, पण ते असो.

रामहरीला झाडलेला पाला परत आणून पसरायला सांगितला तेव्हा मात्र त्यानं कपाळाला हात लावला.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी बागेत जाऊ लागलो. लांब, करंजाच्या आडोशाला उभा राहायचो. गुडघे माझेही आता बोलू लागलेत, पण बसायला जागाच नव्हती. पिंगळे गुलमोहरावरच. अंधारताना चिर्रचिर्र करत उडायचे, नव्या उभ्या केलेल्या लिंबाकडे वळायचे, वरून चक्कर मारायचे आणि पुढं निघून जायचे. मी घरी यायचो. काव्याचा फोन यायचा. जेवलात का, रडलात का. जेवलो.

मधेच साळुंक्यांनी घोळ घातला. एक जोडी ढोलीच्या तोंडाशी येऊन कचकच करू लागली, चोचीत काड्या. मी उत्कर्षाला फोन लावला. म्हणालो, "दगड मारू का?"

"काही करायचं नाही काका," ती म्हणाली. "मॅडम म्हणायच्या, आपण बघायचं फक्त." मग म्हणाली, "मी येऊ का संध्याकाळी?"

ये म्हणालो. ती आली, माझ्या शेजारी उभी राहिली. त्या दिवशीचा प्रश्न तिच्या मनात राहिला असावा, कारण निघताना ती एकदम "सॉरी" म्हणाली. मी म्हणालो, "अगं, खरंच काही वाटत नव्हतं."

शिवरात्र आली. सिद्धेश्वराला गर्दी, रस्ते बंद. शेजारणीनं भगर आणून दिली ती खाल्ली. शिवरात्र गेली. ढोलीत साळुंक्यांच्या काड्या तशाच लोंबत होत्या, पण साळुंक्याही येईनाशा झाल्या होत्या. पिंगळे एक दिवस गुलमोहरावरही दिसले नाहीत. संपलं, असं मी स्वतःला सांगितलं. लोखंडाचा वास येत असेल त्यांना. मेलेलं झाड दुसऱ्यांदा उभं केलं म्हणून कुणी राहायला येत नसतं. तरी दुसऱ्या दिवशी गेलो, कारण संध्याकाळी दुसरं काही करायला नव्हतं.

करंजापाशी एक नवखी बाई उभी होती, फिरायला आलेली असावी. म्हणाली, "काय बघताय हो इथं रोज?" मी ओठावर बोट ठेवलं. ऊन उतरलं होतं, लिंबाच्या उघड्या खोडावर शेवटचं पिवळं पडलं होतं. गुलमोहरावरून एक पिंगळा सुटला आणि सरळ ढोलीच्या तोंडाशी येऊन बसला. मान खाली-वर केली. चोचीनं साळुंकीची एक काडी ओढली आणि खाली टाकली. मग दुसरी. मग वळून माझ्याकडे बघितलं, निदान मला तसं वाटलं, आणि आत गेला. आतच राहिला. थोड्या वेळानं दुसरा चोचीत काहीतरी वळवळतं घेऊन आला, तोंडाशी बसला, ते आत दिलं आणि बाहेरच राखण करत बसला.

"कुठंय, कुठंय?" बाई म्हणाली. मी हनुवटीनं दाखवलं.

घरी मी जवळजवळ धावत आलो. रिक्षा दिसली नाही, थांबलोही नाही. जिने चढलो, कुलूप काढलं, दारातच वाकलो आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणालो, "केळ इल्लि, गेली बघ आत. मादी असणार. साळुंकीच्या काड्या उपसून टाकल्या तिनं, आणि तो बाहेर बसलाय राखण करत. तू म्हणायचीस तसंच."

एक बूट निघाला होता. दुसऱ्याची नाडी हातात होती. घरात फ्रीजचा आवाज येत होता. "हं" कुणी म्हणालं नाही.

मी तसाच दारात खाली बसलो.

किती वेळ गेला माहीत नाही, फोन वाजला. काव्या. "अप्पा, जेवलात का?"

"नाही."

"का? काय झालं?"

"अगं," मी म्हणालो, "तुझी आई घरात नाहीये." आणि त्यापुढं मला बोलता येईना.